घरी कोणती भाषा बोलता?

माझ्या वडिलांना इंग्रजी लिहिता यायचं, बोलता यायचं नाही. कल्याणच्या मालधक्क्यावर ते कारकून होते. त्यांनी लिहिलेली पत्रं वाचून साहेब खूश व्हायचे, पण तेच साहेब समोर येऊन उभे राहिले की वडिलांच्या तोंडून 'येस सर'च्या पुढे काही निघत नसे. त्यांच्या मागून नोकरीला लागलेले लोक बढत्या घेऊन पुढे गेले. असं का झालं हे वडिलांनी स्वतःपुरतं ठरवून टाकलं होतं आणि त्यावरचा उपायही ठरवला होता. उपाय म्हणजे मी.

मी तेव्हा सहा वर्षांची होते. स्वराज्य येऊन थोडेच दिवस झाले होते आणि मराठी शाळांत आठवीपर्यंत इंग्रजी शिकवायचंच नाही असं सरकारने ठरवलं होतं. वडील घरात खादी वापरणारे, स्वराज्याचा त्यांना अभिमान होता. पण 'आठवी' हा शब्द कानावर पडला की त्यांचं डोकं फिरायचं. आठवीपर्यंत पोरीची जीभ जड होऊन जाईल, मग तीही माझ्यासारखी साहेबापुढे मुकी उभी राहील, असं ते आईला ऐकवत. आईचं म्हणणं सरळ होतं. नगरपालिकेची मुलींची शाळा दोन गल्ल्या सोडून आहे, तिथे मुली शिकतात, बिघडत नाहीत, आणि पोरीला कुठल्या साहेबापुढे उभं राहायचंय?

पण वडिलांच्या डोक्यात ननांची शाळा होती. ख्रिस्ती समाजाच्या एका ट्रस्टची ती इंग्रजी शाळा गावाबाहेर, चिंचेच्या झाडांत होती. रेल्वेतल्या अँग्लो-इंडियन ड्रायव्हर-गार्डांची मुलं तिथे जात. प्रवेशाचा त्यांचा नियम वडिलांनी आधीच विचारून ठेवला होता: आधी आपल्या समाजाची मुलं, मग जागा उरल्या तर इतरांची. वडिलांना तो नियम अगदी रास्त वाटत होता. त्यांची शाळा आहे, त्यांनी काढली, त्यांनी चालवली, तर त्यांची मुलं आधी बसणार, असं ते म्हणायचे. आणि जागा उरत होत्या हेही त्यांनी शाळेच्या शिपायाकडून काढून घेतलं होतं.

तेव्हा एके सकाळी मला नवा फ्रॉक चढवला, पायात बूट घातले आणि आम्ही दोघं चालत ननांच्या शाळेत गेलो. मुख्याध्यापिका म्हणजे एक म्हाताऱ्या गोऱ्या नन होत्या. सगळे त्यांना मदर म्हणत. त्या आयुष्यभर इकडच्या गावांतून फिरलेल्या, त्यामुळे मराठी चांगलं बोलायच्या. त्यांनी मला जवळ घेतलं आणि विचारलं, "घरी कोणती भाषा बोलतेस, बाळ?"

मी तोंड उघडायच्या आत वडील म्हणाले, "इंग्लिश, मॅडम. लिटल लिटल."

मदर हसल्या नाहीत. त्यांनी वडिलांना बसायला सांगितलं आणि समजावलं. त्यांच्या ट्रस्टच्या नियमाप्रमाणे मला घ्यायला काही हरकत नव्हती, बाकं रिकामी होती. पण सरकारचा नवा हुकूम आला होता: ज्या मुलांची भाषा इथली आहे त्यांना इंग्रजी शाळेने घ्यायचं नाही. मातृभाषा इंग्रजी असेल तरच घ्यायचं.

वडिलांना ते समजायला वेळ लागला. मग ते म्हणाले, "म्हणजे ज्याला इंग्रजी येतं त्यालाच इंग्रजी शिकवायचं?"

"मी पण सरकारला हेच विचारलंय," मदर म्हणाल्या. "अजून उत्तर आलेलं नाही."

आम्ही परत आलो. बूट मला लागले होते, ते वडिलांनी हातात घेतले. पुढच्या आठवड्यात आईने मला नगरपालिकेच्या शाळेत नेऊन बसवलं आणि मी तिथे मजेत शिकू लागले. माझ्यापुरता हा विषय तिथे संपायला हरकत नव्हती. पण तो संपला नाही. पुढची कितीतरी वर्षं आमच्या चाळीत त्या एका प्रश्नाने माणसांना छळलं, आणि सगळ्यात जास्त छळलं ते आमच्या शेजाऱ्यांना.

आमच्या भिंतीला भिंत लागून एक ख्रिस्ती कुटुंब राहायचं. नवरा लोको शेडमध्ये फिटर. मूळचे ठाण्याचे, पिढ्यान्‌पिढ्या तिथलेच. रविवारी चर्चला जायचे, नाताळात आम्हाला करंज्या पाठवायचे, आणि बोलायचे मराठी; आमच्यापेक्षा वेगळी, खाडीकाठच्या गावांत बोलतात तशी, पण मराठीच. त्यांची मुलगी माझ्याच वयाची, माझी मैत्रीण. शिवाय माझ्या धाकट्या भावाएवढा एक तान्हा मुलगा आणि फिटरची म्हातारी आई. तिला सगळी चाळ मोठी माय म्हणायची.

त्यांनाही मुलीला ननांच्या शाळेत घालायचं होतं आणि त्यांना त्यात काही अडचण दिसत नव्हती. शाळा त्यांच्या समाजाची, नियमाप्रमाणे पहिला हक्क त्यांचा. पण मदरनी त्यांनाही परत पाठवलं. मातृभाषा मराठी! ज्या ट्रस्टने आपल्या समाजाच्या मुलांसाठी शाळा काढली, त्याच ट्रस्टला आपल्याच समाजाच्या मुलीला दारातून परत पाठवावं लागत होतं, आणि आत बाकं रिकामी पडली होती. माझे वडील हे ऐकून चाळीच्या गॅलरीत येरझाऱ्या घालत होते. मला नाकारलं त्याहून त्यांना याचाच जास्त संताप आला होता.

फिटरची बायको मात्र संतापून गप्प बसणारी नव्हती. आपला नवरा गोऱ्या-निमगोऱ्या ड्रायव्हरांच्या हाताखाली हातोडे उचलून देण्यात म्हातारा होणार, तसं मुलांचं होऊ द्यायचं नाही, हे तिने मनाशी पक्कं केलं होतं. ती दुसऱ्यांदा शाळेत गेली आणि आमच्या घरची भाषा इंग्रजी आहे असं लिहून देऊन आली. मदरना खरं काय ते माहीत होतं. त्यांनी एवढंच बजावलं की तपासनीस येतात, मुलांना विचारतात, कधी घरीही येतात. काय लिहून दिलंय ते लक्षात ठेवा.

त्या दिवसापासून शेजारच्या घरात इंग्रजी सुरू झालं. भिंत पातळ होती, आम्हाला सगळं ऐकू यायचं. 'कम', 'सिट', 'ईट', 'डोन्ट'. फिटरला शेडमधल्या हत्यारांची नावं आणि ड्रायव्हरांच्या शिव्या एवढंच इंग्रजी येत होतं, आणि शिव्या घरात चालत नसल्यामुळे तो बिचारा स्पॅनर, रिवेट, बॉयलर यांवरच भागवायचा. माझी मैत्रीण लवकर शिकली. तिने एखादा मराठी शब्द काढला की आई डोळे वटारायची. सुरुवातीला आम्हाला सगळ्यांना हसू यायचं. मग हळूहळू हसू यायचं बंद झालं, कारण त्या घरातून मोठ्या मायचा आवाजच येईनासा झाला.

तिला इंग्रजी येणं शक्य नव्हतं. सून तिला वाईट बोलत नव्हती. फक्त पोरांशी आपल्या भाषेत बोलू नका, त्यांची सवय मोडते, एवढंच म्हणाली होती. मग ती बोलणार कोणाशी? दुपारी ती आमच्या उंबऱ्यावर येऊन बसायची. आईबरोबर तांदूळ निवडायची आणि तासन्‌तास बोलायची: ठाण्याच्या बाजाराचं, मिठागरांचं, तिच्या लग्नात वाजवलेल्या घुमटाचं.

"मना तं माज्याच घरान जीभ भायेर ठेवून जावं लागतं," ती एकदा आईला म्हणाली.

आईने तांदळाचं सूप खाली ठेवलं आणि भिंतीकडे असं पाहिलं की पलीकडच्या बाईला ते जाणवलं असणार.

तपासनीस आले तो दिवस मला स्वच्छ आठवतो. आमची शाळा सकाळची होती, दुपारी मी घरीच असायचे. मैत्रीण डबा विसरून गेली होती आणि मोठी माय तो पोचवायला निघाली. मी तिच्याबरोबर गेले. ननांच्या शाळेतली घसरगुंडी मला बघायची असायची.

आम्ही फाटकातून आत गेलो तेव्हा पटांगणात एक वर्ग रांगेत उभा होता. रांगेपुढे मदर आणि त्यांच्या शेजारी काळा कोट, टोपी घातलेले एक गृहस्थ. ते आपलेच मराठी दिसत होते. मला काही समजायच्या आत मोठ्या मायला रांगेत नात दिसली आणि तिने तिथूनच हाक मारली, "अगो, डबा इसरलीस नं!"

सगळी रांग वळून पाहू लागली. ते गृहस्थही वळले. त्यांनी माझ्या मैत्रिणीला जवळ बोलावलं आणि इंग्रजीत काहीतरी विचारलं. मला इंग्रजी येत नव्हतं, पण ही बाई कोण एवढाच तो प्रश्न असणार हे मलाही कळलं. मैत्रिणीने आजीकडे पाहिलं. मग मदरकडे. मदर जमिनीकडे पाहत होत्या.

"आया, सर," ती म्हणाली.

'आया' हा शब्द मोठ्या मायला चांगला ठाऊक होता. ड्रायव्हरांच्या बंगल्यांत मुलं सांभाळायला ज्या बाया जात त्यांना आया म्हणायचे. तिच्या ओळखीच्या कितीजणी त्या कामाला होत्या. ती जागच्या जागी थांबली. तपासनिसांनी मराठीत विचारलं, "तुम्ही यांच्याकडे कामाला का?"

तिने नातीकडे पाहिलं. मग म्हणाली, "हां सायेब. कामालाच हाय मी."

तिने डबा पायरीवर ठेवला. नातीच्या हातात दिला नाही, कारण आया कशी वागते ते तिने पाहिलं होतं. माझं मनगट धरून ती वळली आणि आम्ही फाटकाबाहेर आलो.  त्या दुपारी ती आमच्या उंबऱ्यावरही आली नाही. आईने मला कारण विचारलं तेव्हा मी झालं ते सगळं सांगितलं.

आई हात पुसत तशीच शेजारी गेली. इतकी वर्षं शेजारी राहून त्या दोघी कधी भांडल्या नव्हत्या. म्हाताऱ्या माणसाला स्वतःच्या घरात मुकं केलंत, आता मोलकरीण केलंत, ते कशासाठी, असं आईने विचारलं.  पोरीने असं काही केलं हे फिटरच्या बायकोला त्याच क्षणी समजत होतं, असं मला आता वाटतं. पण ती म्हणाली, "तुमच्या मुलीला घेतलं नाही, म्हणून तुम्हाला हे सुचतंय." आई परत आली आणि नंतर कितीतरी महिने त्या दोघींचं बोलणं बंद होतं.

मोठी माय महिन्याभरात ठाण्याला थोरल्या मुलाकडे निघून गेली. कल्याणची हवा मानवत नाही, असं सगळ्यांना सांगून गेली. तिला ठाण्याच्या गाडीत बसवायला फिटर गेला होता. त्या संध्याकाळी भिंतीपलीकडून कोणत्याच भाषेत आवाज आला नाही.

मैत्रिणीचं नाव शाळेत राहिलं. तपासनिसांनी काय लिहिलं कोण जाणे. त्यांना खरं कळलं नसेल यावर माझा विश्वास नाही. मोठी माय नातीशी जशी बोलली तशी कुठली मोलकरीण मालकाच्या मुलीशी बोलते? पण सरकारी माणसाने एका म्हातारीकडून 'कामालाच हाय' हे वदवून घेतलं आणि तो पुढच्या वर्गाकडे गेला. मला अजून त्याचा राग येतो.

पुढच्या काही वर्षांत रेल्वेतली अँग्लो-इंडियन कुटुंबं एकेक करून विलायतेला, ऑस्ट्रेलियाला जायला लागली. बंगले रिकामे झाले आणि ननांच्या शाळेतली बाकं आणखी रिकामी झाली. वडिलांना परत आशा वाटू लागली. मी पाचवीत होते, वर्गात पहिली येत होते, आणि मला कुठेही जायचं नव्हतं. तरी ते एकटेच मदरना भेटून आले आणि आले ते कपाळाला हात लावून. सरकारने आणखी एक हुकूम काढला होता. आता मातृभाषा इंग्रजी असूनही भागत नव्हतं. इंग्रजी शाळेने यापुढे नवीन मुलं घ्यायची ती फक्त अँग्लो-इंडियनांची, नाहीतर ज्यांचे पूर्वज आशियाबाहेरचे आहेत त्यांची.

"जे देश सोडून चाललेत त्यांच्यासाठी जागा राखून ठेवल्यात," वडील म्हणाले. "आणि जे इथंच राहणार आहेत त्यांनी बाहेर उभं राहायचं."

त्या दिवशी फिटर आमच्या दारात आला. बायकांचं भांडण झाल्यापासून तोही यायचा थांबला होता. त्याचा मुलगा आता शाळेत घालायच्या वयाचा झाला होता. मुलगी आधीपासून शाळेत होती म्हणून तिला धक्का लागणार नव्हता, पण मुलाला घेणार नव्हते. पोरगा जन्मल्यापासून घरात इंग्रजीशिवाय शब्द ऐकत नव्हता. नीट मराठी त्याला येतच नव्हती. आणि आता त्याला सांगत होते की तुझी भाषा विचारत नाही, तुझा पणजोबा कोण ते सांग.

"मी माझ्या आईला घराबाहेर घालवली," फिटर वडिलांना म्हणाला. "कशासाठी घालवली ते सांगा मला."

वडिलांनी त्याला आत बोलावून बसवलं. आईने चहा ठेवला आणि थोड्या वेळाने कप घेऊन शेजारीही गेली. दोघींचं बोलणं त्या दिवशी परत सुरू झालं.

हा हुकूम मात्र टिकला नाही. अशाच दुसऱ्या एका ट्रस्टची शाळा आणि काही पालक कोर्टात गेले होते. आधी मुंबईच्या हायकोर्टाने आणि मग दिल्लीच्या मोठ्या कोर्टाने सरकारला तो हुकूम लागू करता येणार नाही असं सांगितलं, आणि त्याबरोबर घरच्या भाषेची जुनी अटही गेली. वडील वर्तमानपत्र घेऊन धावतच घरी आले आणि मला तशीच ननांच्या शाळेत घेऊन गेले.

मदर आता फार थकल्या होत्या. त्या म्हणाल्या, हो, आता घेता येईल. पण हिला इंग्रजी अजिबात येत नाही, तेव्हा दुसरीपासून सुरुवात करावी लागेल.

वडील लगेच तयार झाले. मी अकरा वर्षांची होते. सात वर्षांच्या मुलांबरोबर बाकावर बसून ए बी सी डी गिरवायची, आणि तेही माझी मैत्रीण त्याच शाळेत वर कुठेतरी बसलेली असताना! मी म्हणाले, "मला नाही यायचं." वडिलांनी ऐकलं नाही असं दाखवलं, तेव्हा मी परत म्हणाले. मदरनी वडिलांना विचारलं, मुलीला विचारून आलात का? वडील उठलेच. परत येताना ते माझ्या पुढे चालत होते आणि मी मागून त्यांच्या पाठीकडे बघत चिडत होते. पाच वर्षांत त्यांनी मला एकदाही विचारलं नव्हतं.

मग त्यांनी माझ्या धाकट्या भावाचं नाव पुढे केलं. त्याचं वय बरोबर बसत होतं. पण इतकी वर्षं अडवून ठेवलेली ख्रिस्ती मुलं आता सगळीकडून येऊन दाखल झाली. ठाण्याची, मुंब्र्याची, कुठकुठली. ट्रस्टचा नियम तोच होता, आधी आपल्या समाजाची. आणि यावेळी उरलं काहीच नाही. फिटरच्या मुलाचं नाव पहिल्याच दिवशी लागलं. माझ्या भावाला आईने नगरपालिकेच्या शाळेत घातलं. गंमत अशी की वडिलांना रागवायला कोणी मिळेना. नियम रास्त आहे असं तेच सांगत आले होते. ते दोन-तीन दिवस गॅलरीत फिरले आणि मग भावाला स्वतःच संध्याकाळी इंग्रजी शिकवायला बसले. लिहायचं, अर्थात. बोलायचं कोण शिकवणार?

आता शेजारी सोंग करायची गरज उरली नव्हती, पण सवय लागली होती ती लागली होती. माझी मैत्रीण शाळेत मराठीत नापास व्हायला लागली. संध्याकाळी वही घेऊन माझ्याकडे येऊन बसायची. लिंगं चुकवायची, 'ती दरवाजा' म्हणायची, आणि मी हसले की तिचा चेहरा पडायचा. एका रविवारी चर्चहून आल्यावर ती म्हणाली, "ठाण्याला येतेस? मोठ्या मायकडे."

घरी सांगून आम्ही दोघी गेलो. मोठी माय अंगणात सुकत घातलेले बोंबील उलटत होती. आधीपेक्षा वाळली होती, पण आवाज तोच, खणखणीत. फाटकापासूनच ऐकू येत होता. मैत्रीण तिच्यापुढे जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मोठी माय, माझ्याकडून अपराध झाला. मला क्षमा कर." रस्ताभर ती तोंडातल्या तोंडात काय पुटपुटत होती ते तेव्हा मला कळलं.

मोठी माय आधी तिच्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "ही कंची भाषा गो? भटजीसारखी?"

मैत्रीण रडायला लागली. म्हातारीने बोंबलाचे हात तसेच तिच्या केसांवरून फिरवले, तिला खाली बसवलं आणि टोपली पुढे ओढून कामाला लावलं. नंतर दिवसभर त्या दोघी बोलत होत्या. मैत्रीण चुकायची, म्हातारी तिचा शब्द दुरुस्त करायची, मैत्रीण पुन्हा चुकायची. मी भात-कालवण जेवून बाजूला झोपून गेले. संध्याकाळी निघायची वेळ झाली तेव्हा मैत्रीण यायला तयार होईना. शेवटी तिच्या काकाने मला एकटीलाच स्टेशनवर सोडलं.

तिच्या आईला निरोप मीच सांगितला. ती चुलीपाशी बसली होती. मोठी माय काय म्हणाली, असं तिने विचारलं. मी म्हटलं, विशेष काही नाही, बोंबील उलटायला लावले. ती तोंडाला पदर लावून हसली, की रडली, मला नीट दिसलं नाही. पुढच्या रविवारी ती स्वतः मुलाला घेऊन ठाण्याला गेली.

मोठी माय कायमची परत आली नाही. इथे मी बोलते तर दहा घरांतून उत्तर येतं, तिकडे कोण देणार, असं म्हणाली. पण त्या नाताळात ती कल्याणला आली. आठवडाभर राहिली, सुनेच्या करंज्यांना नावं ठेवली, नातवाला मराठीत शिव्या शिकवल्या, माझ्या वडिलांना गॅलरीत गाठून पोरीला पाच वर्षं नाहक पिडलंत म्हणून सुनावलं, आणि आमच्या उंबऱ्यावर बसून आईशी पहिल्यासारखी दुपारभर बोलली. वडिलांनी तिचं सगळं उभ्यानेच ऐकून घेतलं.